कार्थेजचा तुरुंग आणि एक छापखाना

नॉव्हू, इलिनॉय. मंगळवार, रात्र.

शिकागो सोडल्यापासून दोन्ही बाजूंना नुसता मका आणि सोयाबीन. वहिनीने बांधून घेतलेले धपाटे अर्ध्या वाटेतच संपले. इथून सॉल्ट लेक सिटीपर्यंत मॉर्मन लोक (अमेरिकेतच जन्मलेला एक ख्रिस्ती पंथ) ज्या वाटेने गेले त्याच वाटेने जायचं, हा दादाचा हट्ट. मी त्याच्या गाडीतली पाहुणी, तेव्हा चालेल म्हटलं.

नॉव्हू मिसिसिपीच्या वळणावर आहे. आज वस्ती जेमतेम हजारभर, पण १८४४ च्या सुमारास इथे बाराएक हजार लोक राहत होते. तेव्हाच्या शिकागोशी बरोबरी करणारं गाव. ही मॉर्मन माणसं शेजारच्या मिसुरी राज्यातून हाकललेली. मॉर्मनांना राज्याबाहेर घालवा नाहीतर संपवा, असा हुकूम तिथला गव्हर्नर लिलबर्न बॉग्ज याने १८३८ मध्ये काढला होता. तो अधिकृतपणे रद्द व्हायला १९७६ उजाडलं!

जुनी विटांची घरं, लोहारशाळा, बंदुका बनवणाऱ्या ब्राउनिंगचं दुकान, सगळं नीट राखलंय. तिकीट नाही. माहिती सांगणारी बहुतेक निवृत्त जोडपी, स्वखर्चाने इथे सेवेला आलेली. बेकरीत आल्याचं बिस्किट हातावर ठेवतात. वहिनी बैलजोडीच्या गाडीत बसली आणि उतरायलाच तयार होईना.

खरं पाहण्यासारखं मात्र जवळच्या कार्थेज गावात. दगडी, दुमजली तुरुंग. २७ जून १८४४ ला मॉर्मन पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ आणि त्याचा भाऊ हायरम वरच्या खोलीत होते. ही कोठडी नव्हे, जेलरची झोपायची खोली. खिडक्यांना गज नाहीत, दाराला धड कडी नाही. चेहरे काळे रंगवलेला जमाव जिना चढून आला. आतून दार रेटून धरलेलं असताना बंदुकीची गोळी फळीतून आरपार गेली आणि हायरमच्या तोंडावर लागली. ते दार अजून तिथेच आहे. भोकाच्या कडेचं लाकूड हात लागून लागून गुळगुळीत झाल्यासारखं दिसतं. जोसेफकडे लपवून आणलेलं पिस्तूल होतं, त्याने गोळ्याही झाडल्या. मग खिडकीकडे धावला आणि गोळ्या लागून खाली अंगणात पडला. पुढे पाच जणांवर खटला चालला. पाचही सुटले.

सांगणारी मुलगी विशीतली, छातीवर नावाची पट्टी. सांगता सांगता तिचा गळा दाटून आला, आणि खोटं नाही सांगत, माझाही. पण दादा मुळातच वकिली डोक्याचा. त्याने विचारलं, मुळात अटक कशाबद्दल झाली? तिने आडपडदा न ठेवता सांगितलं: छापखाना मोडल्याबद्दल. पंथातूनच फुटलेल्या काही जणांनी ‘नॉव्हू एक्स्पॉझिटर’ नावाचं वर्तमानपत्र काढलं. ७ जूनच्या पहिल्याच अंकात जोसेफच्या अनेक बायकांबद्दल आणि त्याच्या हातात एकवटलेल्या सत्तेबद्दल लिहिलं. महापौर जोसेफच. नगरपरिषदेने पत्र उपद्रवी ठरवलं आणि १० तारखेला यंत्राची मोडतोड करून छपाईचे खिळे (अक्षरांचे ठसे) रस्त्यावर फेकले. दुसरा अंक निघालाच नाही.

मग परतीच्या वाटेवर गाडीत वाद. वहिनीचं म्हणणं, जोसेफ निःशस्त्र नव्हता म्हणून काय, सरकारच्या ताब्यातला माणूस मारला तर दोष गव्हर्नर थॉमस फोर्डचा. संरक्षणाचा शब्द त्याने दिला होता. दादाचं म्हणणं, ज्यांनी स्वतः हुकूमशहांचे चटके सोसले त्यांनी तरी टीकाकाराचा छापखाना मोडायला नको होता. मला दोघांचंही पटलं, पण आज दिवसभर जी घरं पाहिली त्यांत तो छापखाना कुठेच मांडलेला दिसला नाही, हे खटकलं. एवढं सगळं विटेला वीट लावून उभं केलंय, तर एक टेबल आणि विखुरलेले खिळे तरी ठेवायचे होते.

संध्याकाळी पार्ली स्ट्रीटने नदीपर्यंत चालत गेलो. फेब्रुवारी १८४६ मध्ये गाव सोडणाऱ्या मॉर्मनांच्या गाड्या याच रस्त्याने नदीकडे गेल्या. आधी तराफ्यांतून, मग नदी गोठल्यावर बर्फावरून. मागे राहिलेलं मंदिर १८४८ मध्ये कुणीतरी पेटवलं. आता दिसतं ते २००२ चं.

दादाने झोपताना एक गंमत सांगितली. १८५२ मध्ये ह्यू फिंडले नावाचा यांचा प्रचारक मुंबईत उतरला होता आणि पुण्यालाही जाऊन आला. पुणेकरांनी त्याला काय काय प्रश्न विचारले असतील, यावर वहिनी बराच वेळ हसत होती.

उद्या आयोवा ओलांडून ओमाहा. तिथे त्या स्थलांतरात हिवाळ्यात मेलेल्यांची दफनभूमी पाहायची आहे. गाडीत पेट्रोल कमी आहे, दादाला सकाळी आठवण करायची.