तुम्ही विचारलंत म्हणून: इंग्रजीतला 'सर्ज' (surge) कुठे बसतो, कुठे बसत नाही

स्पर्धा परीक्षेची मुलं विचारतात, बातम्या इंग्रजीत करणारे विचारतात, अधूनमधून एखादा यंत्रमागवालाही विचारतो: "सर, सर्ज म्हणजे वाढच ना? मग इन्क्रीज लिहिलं तर काय बिघडलं?" व्याकरण बिघडत नाही. पण वाचणाऱ्याला वेगळीच गोष्ट कळते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सर्ज म्हणायला वाढ मोठी हवी, थोड्या वेळात झालेली हवी आणि तिच्यामागे रेटा हवा. मूळ लॅटिन 'सुर्गेरे', म्हणजे उठणं, वर येणं. रिसर्जंट, इन्सर्जंट, सोर्स ही याच घरातली. सर्जन मात्र नाही. तो ग्रीक 'हात' आणि 'काम' यांवरून आला. इंग्रजीत सर्ज आधी पाण्याचा आणि लाटांचा होता, आकड्यांना नंतर लागला. म्हणून 'अ स्लाइट सर्ज' किंवा 'अ ग्रॅज्युअल सर्ज' वाचताना खटकतं. हळूहळू चढणाऱ्या गोष्टीला 'राइज' आहे की.

आता आपल्या सोलापूरच्या बाजार समितीत चला. डिसेंबर-जानेवारीत लाल कांद्याच्या गाड्यांची रांग लागते. खरिपाचा कांदा उन्हाळी कांद्यासारखा चाळीत महिनोन्‌महिने टिकत नाही; काढला की विकावा लागतो, आणि सगळ्यांचा एकदमच निघतो. ही आवक म्हणजे नमुनेदार सर्ज: 'अ सर्ज इन ओनियन अरायव्हल्स'. त्याच सकाळी लिलावात भाव बसतात. तिथे 'प्राइसेस सर्ज्ड डाउन' लिहिणारे आहेत. सर्ज खाली जात नाही. भाव पडले तर 'स्लम्प्ड', फारच आपटले तर 'क्रॅश्ड'. उलट टोकाला 'सर्ज्ड अप'. राग, हुंदका यांना ते चालतं, भावाच्या आकड्याला 'अप'ची गरज नाही.

आकडे घालताना सगळ्यात जास्त चुका होतात. समजा भाव क्विंटलला 1,000 वरून 1,500 झाला. 'सर्ज्ड बाय 500 रुपीज' म्हणजे फरक, 'सर्ज्ड टू 1,500' म्हणजे पोचला कुठे. 'बाय' आणि 'टू'ची अदलाबदल झाली तर वाचणारा 2,500 धरून बसेल. नाम वापरलं तर 'अ 50 पर्सेंट सर्ज इन प्राइसेस'. आणि 1,000 चा 3,000 झाला तर भाव तिप्पट झाला, पण वाढ 200 टक्के, 300 नव्हे. 'तिप्पट वाढ' असं मराठीत सैलपणे लिहिलेलं असतं आणि इंग्रजीत जाताना तिथेच घात होतो. आधी दोन्ही आकडे कागदावर मांडा, मग क्रियापद निवडा.

दुसरी चूक कर्त्याची. सर्ज आपणहून होतो, कोणी करत नाही. 'ट्रेडर्स सर्ज्ड द प्राइस' चुकीचं, 'द प्राइस वॉज सर्ज्ड' त्याहून चुकीचं. जिथे कोणीतरी सही करून वाढ केलेली असते तिथे 'हाइक'. जानेवारी 2025 मध्ये एसटीचं भाडं 14.95 टक्क्यांनी वाढलं, ती हाइक. त्यानंतर खासगी गाड्यांकडे गर्दी वळली असती, तर तिला सर्ज म्हणता आलं असतं.

उजनी धरणाच्या बातम्यांत हा फरक फार चांगला दिसतो. पुणे जिल्ह्यात पाऊस लागला की दौंडवरून धरणात येणारं पाणी काही तासांत कित्येक पटींनी वाढतं. ही आवक 'सर्जेस', कारण तिच्यावर उजनीवरून हुकूम चालत नाही. धरणातून सोडलेला विसर्ग मात्र दरवाजे उचलून, टप्प्याटप्प्याने वाढवतात. त्याला 'वॉज स्टेप्ट अप' किंवा 'वॉज रेज्ड'. पुढे नरसिंहपूरला नीरा भीमेला मिळते. नीरेवरच्या वीर धरणाचं पाणी आणि उजनीचं पाणी एका वेळी आलं की पंढरपूरला नदी चढते, तिथे पुन्हा सर्ज. एकाच बातमीत तीन आकडे, आणि मधल्याला सर्ज चालत नाही.

'इन' की 'ऑफ'? जे मोजायचं त्याला 'इन': डिमांड, प्रायसेस, केसेस. जे स्वतःच लोटत येतं त्याला 'ऑफ': 'अ सर्ज ऑफ अँगर', 'अ सर्ज ऑफ पिलग्रिम्स'. भाविकांचा आकडा वाढला असेल तर 'अ सर्ज इन द नंबर ऑफ पिलग्रिम्स'. 'सर्ज इन पिलग्रिम्स' वाचून तो भाविकांच्या पोटात उठला की काय असं वाटतं. आणि इथे एक धोक्याची जागा आहे. गड्डा यात्रेला किंवा आषाढीला खूप लोक आले एवढंच सांगायचं असेल, तर 'क्राउड सर्ज' लिहू नका. इंग्रजी वाचकाला त्यातून मागच्यांचा रेटा पुढच्यांवर येऊन माणसं दबली, चेंगराचेंगरीची वेळ आली, असं कळतं. 'ह्यूज टर्नआउट' किंवा 'रेकॉर्ड क्राउड' पुरे.

स्पाइकचं विचाराल तर आलेख डोळ्यांसमोर आणा. टोकदार वर जाऊन तसाच खाली आला तो स्पाइक. सर्जला खाली यायची घाई नसते, रुंदी असते. एप्रिलमध्ये सोलापूरचा पारा एखाद्या दिवशी उडी मारून दुसऱ्या दिवशी उतरला तर स्पाइक. 2021 च्या दुसऱ्या लाटेत रुग्ण आठवडेच्या आठवडे वाढत गेले, तो सर्ज. 'बूम' आणखी लांब, वर त्यात भरभराट असते. रुग्णांची बूम कोणी म्हणत नाही.

यंत्रमागवाल्यांचा प्रश्न वेगळा, आणि त्यांना खरं उत्तर द्यायला हवं, कारण तिथे शब्द चुकला की पैसे जातात. आपल्याकडे 'व्होल्टेज वाढलं' याला सरसकट सर्ज म्हणतात. विजेच्या भाषेत सर्ज म्हणजे सेकंदाच्या लाखाव्या हिश्शांत मोजायचा झटका: वीज पडली, मोठी मोटर बंद झाली, फीडरवर स्विचिंग झालं की येतो आणि जातो. 230 चे 270 व्होल्ट होऊन काही सेकंद तसेच राहिले तर तो 'स्वेल', त्याहून लांबलं तर 'ओव्हरव्होल्टेज'. सर्ज प्रोटेक्टरमधला व्हॅरिस्टर फक्त झटका खातो, आणि खाल्लेलं उतरवायला बहुतेक ठिकाणी चांगलं अर्थिंग लागतं. न्यूट्रल तुटून सिंगल फेजच्या लायनीत 400 च्या आसपास व्होल्ट आले तर तोच व्हॅरिस्टर तापून जळतो. तिथे ओव्हरव्होल्टेजला लाइन तोडणारा रिले लागतो. कमी-जास्त दाबाला स्टॅबिलायझर, पण झटक्याला तो फार हळू. एमसीबी तर यातलं काहीच अडवत नाही, तो जादा करंटसाठी आहे. दुकानात "सर्जवालं काहीतरी द्या" म्हणालात तर काउंटरवर असेल ते मिळेल. काय होतंय ते सांगून मागा.

कोयनेच्या जलविद्युत प्रकल्पात 'सर्ज वेल' आहे, तो पुन्हा मूळ अर्थाचा. टर्बाइन अचानक थांबवलं की बोगद्यातलं धावतं पाणी उसळतं, त्या उसळीला वर चढायला ही विहीर.

समुद्र आपल्यापासून लांब असला तरी चक्रीवादळाच्या बातम्या इथेही भाषांतरित होतात. 'स्टॉर्म सर्ज'ला 'उधाण' लिहू नका. उधाण अमावास्या-पौर्णिमेला ठरलेल्या वेळी येतं. स्टॉर्म सर्ज वारा आणि घटलेला हवेचा दाब यांनी समुद्राची पातळी चढवतो. दोन्ही एका वेळी आले की नुकसान जास्त. 'वादळामुळे चढलेलं समुद्राचं पाणी' लांबलचक आहे, पण चूक नाही.

'सर्ज प्रायसिंग' पुणे स्टेशनला उतरून ॲपवर गाडी मागवलीत की भेटतं. इथे मात्र माझा वर सांगितलेला नियम मोडतो. हा सर्ज कंपनी लावते, तरी त्याला हाइक म्हणत नाहीत. मागणी उसळली म्हणून दर उसळला असा दावा त्या नावात आहे. केंद्राच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत मूळ भाड्याच्या दीडपटीपर्यंत परवानगी होती, 2025 च्या सूचनांत ती मूळ भाड्याच्या दुपटीपर्यंत गेली.

उच्चारात शेवटचा ज 'जीव'मधला, 'जाळं'मधला नव्हे. तो कडक होऊन च झाला की ऐकणारा 'सर्च' समजतो. स्पेलिंगमध्ये 'यू' पाहून घ्या. 'ई' पडला तर सर्ज म्हणजे ट्विल विणीचं, कोट-गणवेशाचं कापड. उच्चार अगदी तोच, आणि कॉम्प्युटरचा स्पेलचेक त्याला लाल रेघ मारत नाही.