रिस्टार्ट मारण्याआधी खालच्या स्टेप्स वाचा

आमच्या न्यूयॉर्कच्या क्लायंटची मेनफ्रेमवरची बॅच, म्हणजे एकामागून एक स्टेप्स चालवणारे जॉब, तिकडे रात्री अकराला सुटते, म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळचे साडेआठ. त्यामुळे आमचे ॲबेंड, म्हणजे मध्येच कोसळलेले जॉब, झोपमोड करत नाहीत, मुलुंड ते घाटकोपरच्या मध्ये लेडीज डब्यात गाठतात. परवा मंथएंडला तसंच झालं. टीममधल्या पोराचा फोन: "ताई, स्टेप ०५० सॉक सेव्हनने पडली. रिस्टार्ट मारू?"

सॉक सेव्हन म्हणजे आकड्याच्या जागी भलतंच काहीतरी. इथे पॅक्ड (आकडे दाबून साठवलेल्या) रकमेत स्पेसेस भरल्या होत्या. क्लायंटला विचारून ते रेकॉर्ड बाजूला काढलं. एवढं पोराला जमतं. माझं लक्ष पुढच्या स्टेप ०७० कडे होतं.

जॉब कसा चालवायचा ते जेसीएल नावाच्या भाषेत लिहितात. त्यातल्या कॉन्डचं, म्हणजे स्टेपवरच्या अटीचं, डोकं उलटं चालतं हे ट्रेनिंगमध्ये सगळ्यांना सांगतात: अट खरी ठरली की स्टेप गळते. एलटी म्हणजे 'लेस दॅन', तेव्हा कॉन्ड=(४,एलटी) म्हणजे ४ लहान ठरला, आधीच्या कुठल्याही स्टेपचा रिटर्न कोड (स्टेप कशी संपली ते सांगणारा आकडा) ४ पेक्षा मोठा असेल तर ही स्टेप चालवू नको. चार दिवसांत अंगवळणी पडतं. रिस्टार्टला काय होतं ते मात्र कुणी धड सांगत नाही. जॉब कार्डावर रिस्टार्ट=स्टेप०५० लिहिलं की त्या रनपुरत्या वरच्या स्टेप्स झालेल्याच नसतात, आणि त्यांचे रिटर्न कोडही नसतात.

आमच्या जॉबमध्ये ०३० ला नाकारलेली रेकॉर्ड्स निघाली तर ४ येतो, नाहीतर ०. ०७० ती फाइल शाखांना धाडते, म्हणून तिच्यावर कॉन्ड=(४,एनई,स्टेप०३०) आहे: ०३० चा कोड ४ नसेल (एनई, 'नॉट इक्वल') तर गळ. त्या दिवशी ०३० शून्यावर गेली होती, तेव्हा ०७० गळायला हवी. पण ०५० पासून रिस्टार्ट केला की न चाललेल्या ०३० बद्दलची चाचणी सिस्टीम सोडूनच देते, आणि ०७० बिनदिक्कत चालते. रिकामी फाइल शाखांना रवाना!

गंमत म्हणजे हेच कुणी जेसीएलच्या इफ-देनमध्ये, स्टेप०३०.आरसी (रिटर्न कोड) = ४ असं लिहिलं असतं, तर न चाललेल्या स्टेपची अट खोटी धरली जाते आणि ०७० थांबली असती. पण ०३० ला खरोखर ४ आला असता तरीही थांबलीच असती, म्हणजे तिथे पाठवायची फाइल राहिली असती. त्यामुळे "इफ वापरा, सुटाल" हा सल्ला मला अर्धवट वाटतो.

जीडीजीचा, म्हणजे एकाच फाइलच्या क्रमाने ठेवलेल्या आवृत्त्यांचा (जनरेशन्सचा), घोळ वेगळाच. त्यात (+१) म्हणजे नवी, (०) म्हणजे सर्वांत ताजी, (-१) म्हणजे तिच्या आधीची. ०४० ने बनवलेली (+१) जनरेशन पहिल्या रनमध्येच कॅटलॉग झालेली, म्हणजे सिस्टीमच्या यादीत नोंदलेली असते. नव्या रनमध्ये ०५० ला ती (०) म्हणून वाचावी लागते, आणि जुनी (०) असेल ती (-१) होते. काही ठिकाणी शेड्युलर हे आकडे आपोआप फिरवतो. आमच्याकडे हातानेच करावं लागतं, आणि लोकलमध्ये फोनवरून "प्लस वन काढ, झिरो कर" असं ओरडताना शेजारच्या बायका बघत राहतात.

शेवटी रिस्टार्टच्या प्रतीत ०७० वर कॉन्ड=(०,एलई) टाकायला लावलं. शून्य कुठल्याही रिटर्न कोडपेक्षा लहान किंवा तेवढाच असणार, म्हणून ती हमखास गळते. हा बदल मूळ जेसीएलमध्ये कधीच करायचा नाही. रिस्टार्टची प्रत वेगळ्या लायब्ररीत ठेवायची आणि जॉब संपला की उडवायची, नाहीतर पुढच्या मंथएंडला ०७० का चालली नाही हे शोधत बसा.