वेणीला हात लावला, त्याची गोष्ट

परवा ऑफिसात मी माती खाल्ली. शेजारी बसणारी माझी कलीग ब्लॅक आहे. शुक्रवारी तिचे केस कानाच्या वर होते आणि सोमवारी बाई कमरेपर्यंत बारीक बारीक वेण्या घालून हजर, मग मी काय, "अय्या कसल्या भारी!" टाइप काहीतरी इंग्लिशमध्ये किंचाळून सरळ एक वेणी हातातच घेतली. ती मागे सरकली. चिडली नाही, "आधी विचारत जा," एवढंच म्हणाली, पण माझा हात तसाच हवेत राहिला.

घरी येऊन नवऱ्यापुढे तासभर स्वतःची वकिली केली. आपल्याकडे एसटीत शेजारची अनोळखी बाई "काय लावतेस गं, शिकेकाई का?" म्हणत अख्खी वेणी वजन केल्यासारखी उचलून बघते, आपण रागावतो का? उलट घरी येऊन चार जणांना सांगतो! नवरा म्हणाला, तुझ्या वेणीपायी तुझी नोकरी कधी अडली का? मी ताटं घेतली. (गप्प बसले म्हणजे पटलं असं नाही.)

पण त्याचंही खोटं नाही. आमच्या न्यू जर्सीतच २०१८ मध्ये हायस्कूलच्या एका ब्लॅक कुस्तीगीराला रेफरीने सांगितलं, ड्रेडलॉक्स (जटांसारख्या वळलेल्या बटा) काप नाहीतर मॅच सोड, आणि सगळ्यांसमोर तिथेच त्यांच्यावर कात्री चालली. पुढच्या वर्षी इथे क्राउन अ‍ॅक्ट आला, त्याआधी कॅलिफोर्नियात आला होता. वेण्या, ड्रेडलॉक्स, आफ्रो (कुरळ्या केसांचा गोल फुलवलेला पिसारा), यांवरून शाळेत किंवा कामावर भेदभाव करायचा नाही. केसांसाठी कायदा म्हणून मी आधी हसले होते. आमच्याही शाळेत तेल चोपडून दोन वेण्या आणि लाल रिबिनी कंपल्सरी होत्याच की! पण ते सरसकट सगळ्यांना होतं, आणि डोक्यावर जसे उगवतात तसे आमचे केस अव्यवस्थित, असं कोणी म्हणत नव्हतं.

असो. शनिवारी ती कलीगच मला तिच्या केसांच्या दुकानात घेऊन गेली. वेण्यांमध्ये मिसळायचे सिंथेटिक केस भिंतभर लटकलेले. सहा तास एका जागी बसून ते गुंफून घ्यायचे, मग टोकं गरम पाण्यात बुडवायची म्हणजे सुटत नाहीत. रात्री वर सॅटिनची टोपी, कारण सुती उशीला केस घासून तुटतात. आणि काउंटरमागे, सोनाराकडे असतात तशी महागडी पाकिटं: 'इंडियन रेमी'. म्हणजे माणसाचे खरे केस, मुळाकडून टोकाकडे सगळे एकाच दिशेनं लावलेले, त्यामुळे गुंता होत नाही. देवळात मुंडण करताना एकगठ्ठा कापलेले केस असे मिळतात. तिरुपतीच्या केसांचा तर लिलावच होतो.

माझी छाती फुगली. "हे आमच्याकडचे!" ती पाकीट बघत म्हणाली, "हो, पण कोणाचे?"

रात्री आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं. तिने बाबांच्या ऑपरेशननंतर नवस फेडताना गुडघ्यापर्यंतचे केस दिले होते, ती वेणी मला अजून आठवते. तिला कायद्यात काही रस नव्हता.

"केवढ्याला होतं गं ते पाकीट?"

सांगितलं. रुपयांत करूनही सांगितलं.

"अगंबाई," म्हणाली, आणि हात आपोआप अंबाड्याकडे गेला.