आमची वाटचाल : घरी बनवलेल्या एका व्हॉल्व्ह रेडिओमुळे धंद्याने घेतलेलं वळण

आमचं मूळ काम टीव्ही आणि ॲम्प्लिफायर रिपेअरिंगचं. पुढे अख्खा बोर्डच बदलायचे दिवस आले, बसून नेमका पार्ट शोधणारा माणूस कुणालाच नकोसा झाला आणि आमचं काम रोडावलं. त्या काळात एक गिऱ्हाईक माळ्यावर सापडलेला लाकडी डबा घेऊन आले, आजोबांनी स्वतः बनवलेला व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काळातल्या, आत हवा नसलेल्या नळ्यांचा) रेडिओ, त्यावर ना कंपनीचं नाव ना मॉडेल नंबर.

कंपनीच्या सेटचं सर्किट शोधलं की बहुतेक वेळा मिळतं हो, पण घरी बनवलेल्याचं सर्किट बनवणाऱ्याच्या डोक्यात असतं आणि तो माणूस तर गेलेला. मग एकेक वायर पकडून कागदावर उतरवत बसलो. व्हॉल्व्ह निघाले असे: एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर 5वाय3, स्पीकर चालवायला आउटपुटला 6व्ही6, पुढे स्टेशनच्या सिग्नलमधून आवाज वेगळा काढणारा डिटेक्टर म्हणून 6एसजे7. कॉइलवर एक जादा गुंडाळी दिसली आणि ट्यूब पेटली की हा रिजनरेटिव्ह सेट आहे! आर्मस्ट्राँग या अमेरिकन इंजिनिअरला 1914 साली पेटंट मिळालं ती आयडिया, प्लेटवरचा (व्हॉल्व्हमधून बाहेर येणारा) थोडा सिग्नल परत ग्रिडकडे (सिग्नल आत शिरतो तिकडे) पाठवायचा, तो पुन्हापुन्हा मोठा होतो आणि एकच व्हॉल्व्ह तीन-चार व्हॉल्व्हचं काम ओढतो, फक्त फीडबॅक जास्त झाला की सेट शिट्टी मारायला लागतो. आजोबांनी तो कंट्रोल करायला स्क्रीन ग्रिडच्या (व्हॉल्व्हमधल्या दुसऱ्या जाळीच्या) व्होल्टेजवर पॉट, म्हणजे फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टर, लावला होता, म्हणजे माणूस नुसता कॉपी करणारा नव्हता, समजून केलेलं काम होतं.

लोक असा सेट सापडला की पहिलं काय करतात तर प्लग लावतात. कृपया लावू नका! इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर इतक्या वर्षांत सुकलेले असतात, पेपर कंडेन्सर लीक होतात, आणि त्यातला कपलिंगचा (एका व्हॉल्व्हचा सिग्नल पुढच्याला देणारा) लीक असेल तर आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज जातं, करंट वाढत जातो आणि व्हॉल्व्हबरोबर आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जळतो. ट्रान्सफॉर्मर गेला की खरं दुखणं, कारण 6व्ही6 गिटार ॲम्प्लिफायरवाल्यांच्या कृपेने आजही नवीन बनतो पण तसाच्या तसा जुना ट्रान्सफॉर्मर कुठून आणणार. म्हणून आधी मीटरने सगळं चेक, कार्बन रेझिस्टर बहुतेक वाढलेलेच निघतात, व्हॉल्व्हच्या काचेच्या आतला चांदीसारखा थर पांढरा पडला असेल तर हवा शिरली, तो व्हॉल्व्ह बाद. मग पहिल्यांदा लाइन द्यायची ती सिरीजमध्ये साधा फिलामेंटवाला बल्ब टाकून, बल्ब फुल पेटून तसाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे.

त्या सेटचे नवे कंडेन्सर आम्ही जुन्याच कंडेन्सरच्या पोकळ केलेल्या नळ्यांमध्ये बसवले, वेळ जातो पण चेसिस (पार्ट बसवलेला धातूचा सांगाडा) उलटी केली तरी मूळ काम तसंच दिसतं. कॉइलला हातही लावला नाही. आजोबांची सोल्डरिंग जरा ओबडधोबड होती, ती पण तशीच ठेवली, धोक्याची होती ती फक्त मेन्सची वायर, इन्सुलेशन हाताला लावलं की भुगा होत होतं, ती बदलली आणि फ्यूज टाकला.

तो सेट बोलायला लागल्यावर त्यांच्या ओळखीतून दुसरा आला, मग तिसरा, आणि हळूहळू टीव्हीचं काम बंदच करून टाकलं. आता आमच्याकडे मुख्य काम हेच, त्यातही होममेड सेट आला की बेंचवर तोच आधी चढतो (कंपनीच्या सेटवाल्यांनो, राग मानू नका).

ट्रान्सफॉर्मर नसलेले एसी-डीसी सेट पण घेतो, त्यात चेसिसलाच मेन्स येऊ शकते, म्हणून आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय (तो सेटला मेन्सपासून वेगळं ठेवतो) हात लावत नाही, आणि नॉब तुटलेला, मागचं कव्हर नसलेला असा सेट आम्ही परत देत नाही, आधी ते बसवतो. आतलं सगळं काढून ब्लूटूथ टाकून द्या म्हणणारे बरेच येतात. ते काम आम्ही करत नाही. त्यापेक्षा जुन्या डिटेक्टरच्या पुढे ऑडिओ इनपुटचा सॉकेट बसवून देतो, मीडियम वेव्हची स्टेशनं कित्येक ठिकाणी बंद झालीत त्यामुळे ही मागणी रास्तच आहे, मोबाइल जोडून गाणी त्याच 6व्ही6 मधून ऐका, आणि सॉकेट काढला की सेट पुन्हा होता तसा.