सीमाभागातला तिसरा उमेदवार

२०२३ च्या कर्नाटक विधानसभा निवडणुकीत बेळगाव जिल्ह्यातील १८ जागांपैकी ११ काँग्रेसला आणि ७ भाजपला मिळाल्या. हिशेब तिथेच पुरा झाला. मराठी सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणून लढणाऱ्या ज्या महाराष्ट्र एकीकरण समितीने १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर वर्षानुवर्षे इथून आमदार पाठवले, तिच्या वाट्याला २०१८ प्रमाणेच याही वेळी शून्य आले. निकालानंतर आमच्याकडे फितुरी, पैसा आणि प्रशासनाची दडपशाही यांवर बरीच चर्चा झाली. त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. परंतु निवडणुकीची पद्धतच तिसऱ्याच्या मुळावर येणारी आहे, याचा विचार या चर्चेत क्वचितच होतो.

फ्रेंच अभ्यासक मोरिस द्युव्हर्जे यांनी १९५० च्या दशकात मांडलेला नियम प्रसिद्ध आहे. एका मतदारसंघातून एकच प्रतिनिधी निवडायचा आणि सर्वाधिक मते मिळवणाराच विजयी ठरणार असेल, तर राजकारण हळूहळू दोन पक्षांभोवती गोळा होते. एक तर तिसऱ्याची मते विखुरलेली असली की त्यांचे जागांत रूपांतर होत नाही, आणि दुसरे म्हणजे हे एकदा लक्षात आले की त्याचा मतदारच त्याला सोडू लागतो. हे दुसरे कारण समजण्यासाठी ग्रंथालयात जाण्याची गरज नाही. मतदानाच्या आठवड्यात बेळगावातल्या वडगाव-शहापूरच्या गल्ल्यांतून फिरले तरी पुरते. "समितीला मत द्याला काय नाही ओ, पण निवडून येतंय काय?" हा प्रश्न विचारणारा माणूस १ नोव्हेंबरला, कर्नाटकच्या स्थापनादिनी, निषेध म्हणून पाळल्या जाणाऱ्या काळ्या दिनाच्या फेरीत न चुकता चालणारा असतो. त्याची निष्ठा आटलेली नसते, त्याला फक्त आपले मत वाया जाऊ द्यायचे नसते.

विखुरलेपणाची किंमत किती जबर असते, हे ब्रिटनमध्ये १९८३ साली दिसले. तिथे लिबरल आणि सोशल डेमोक्रॅट यांच्या आघाडीला २५ टक्क्यांहून अधिक मते मिळूनही जागा मिळाल्या केवळ २३, तर तिच्याहून जेमतेम दोन टक्के जास्त मते घेणाऱ्या मजूर पक्षाला २०९. अमेरिकेत १९९२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत रॉस पेरो यांना सुमारे १९ टक्के मते पडली, पण राज्यवार निकालांवरून अध्यक्ष ठरवणाऱ्या निर्वाचक मंडळातले एकही मत त्यांना मिळाले नाही. उलट १९६८ मध्ये जॉर्ज वॉलेस यांनी त्याहून कमी मतांवर दक्षिणेतील पाच राज्ये जिंकली, कारण त्यांचे मतदार एका भागात एकवटलेले होते. वॉलेस यांचे वर्णभेदाचे राजकारण मला घृणास्पद वाटते. इथे त्यांचा उल्लेख निव्वळ गणितापुरता आहे.

या गणितानुसार समितीची स्थिती खरे तर चांगली असायला हवी, कारण मराठी मतदार खानापूर तालुक्यात, बेळगाव शहरात आणि भोवतालच्या खेड्यांत एकवटलेला आहे. राज्यात द्विपक्षीय लढत असली, तरी प्रत्येक मतदारसंघात तेच दोघे पहिले दोन असले पाहिजेत असे कुठे आहे? समिती जिथे स्वतःच त्या दोघांपैकी एक असते, तिथे "मत वाया जाईल" ही भीती उरत नाही. २०१३ मध्ये खानापूर आणि बेळगाव दक्षिण या दोन जागा तिने जिंकल्या होत्या, आणि २०२३ मध्येही बेळगाव दक्षिणमध्ये तिचाच उमेदवार दुसऱ्या स्थानावर होता. मात्र २०१८ मध्ये खानापुरात समितीच्याच दोन गटांचे दोन उमेदवार उभे राहिले आणि मते फुटली. द्युव्हर्जेंचा नियम तिसऱ्यालाच इतका जाचतो, तिथे तिसऱ्यातून फुटलेल्या चौथ्याची काय कथा! त्यातच समितीचे उमेदवार कागदोपत्री अपक्ष असल्याने चिन्ह बदलत राहते, आणि मतदारांना ते दर वेळी नव्याने ओळखून घ्यावे लागते. दुसरीकडे राष्ट्रीय पक्षांनीही मराठी उमेदवार देण्याचे तंत्र आत्मसात केले आहे.

लोकसभेची गोष्ट वेगळी आहे. १९९६ मध्ये बेळगावात ४५६ उमेदवार रिंगणात होते, त्यांतले बहुतेक सीमाप्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधण्यासाठी उभे होते. मतपत्रिकेची अक्षरशः पुस्तिका झाली. लक्ष वेधले गेले, हे खरेच; पण त्याचे फलित म्हणून त्याच वर्षी कायदा बदलून लोकसभेची अनामत रक्कम ५०० रुपयांवरून १०,००० रुपये करण्यात आली. २०२१ च्या पोटनिवडणुकीत मात्र समितीच्या एकाच उमेदवाराने १ लाख १७ हजारांहून अधिक मते घेतली आणि भाजपचा विजय अवघ्या ५,२४० मतांनी झाला. तरुणांनी त्या आकड्याचा जल्लोष केला, तो मला समजतो. पण निकाल पालटण्याची ताकद आणि निवडून येण्याची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये महापालिकेच्या निवडणुकीने दाखवून दिले. ५८ पैकी ३५ प्रभाग भाजपने जिंकले. एकेकाळी ज्या सभागृहात समितीचा महापौर बसे, तिथे तिचे नगरसेवक एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले.

निवडणूक पद्धत बदलता येते. न्यूझीलंडने १९९३ च्या सार्वमतानंतर मिश्र प्रमाणबद्ध पद्धत, म्हणजे पक्षांना एकूण मतांच्या प्रमाणात जागा देणारी पद्धत, स्वीकारली. आपल्याकडे तशी चिन्हे नाहीत आणि तिची वाट पाहण्यात अर्थही नाही. कर्नाटकात जनता दलाला २०१८ मध्ये २२४ पैकी केवळ ३७ जागांवर मुख्यमंत्रिपद मिळाले, पण तसे घडायला सभागृह त्रिशंकू असावे लागते आणि हाताशी थोड्या का होईना जागा असाव्या लागतात. त्या जागांची सुरुवात माझ्या मते प्रभाग, ग्रामपंचायत आणि तालुका पंचायत येथूनच होऊ शकते, कारण तिथे काही शे मतांनी निकाल फिरतो आणि उमेदवाराला लोक घरोघर ओळखतात. त्यासाठी एका जागेला एकच उमेदवार हवा, आणि त्याचे नाव अर्ज भरण्याच्या आदल्या रात्री नव्हे तर सहा महिने आधी ठरायला हवे. ते कोणी ठरवायचे, यावर समितीच्या बैठका आजवर अडत आल्या आहेत.