सीसीटीव्हीचं काम दोन महिन्यांत, सही मात्र सात महिन्यांनी

नगरपरिषदेचं काम घेतलं की बिलाला उशीर होणार, हे मी धरून चाललो होतो. पण माझं बिल निधी नव्हता म्हणून अडलं नाही. एका कागदावर सही होत नव्हती म्हणून अडलं, आणि तो राग अजून गेलेला नाही.

चौकाचौकांत कॅमेरे, खांब, केबल आणि कंट्रोल रूममध्ये एनव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं यंत्र, असं काम होतं. निविदेपासून बसवण्यापर्यंत सगळं सुरळीत झालं. यंत्रणा ताब्यात दिली त्या दिवशी ॲडमिन पासवर्ड बंद पाकिटात घालून पत्रासोबत दिला आणि आवक-जावकमधून शिक्क्याची पोच घेतली.

मग कार्यपूर्ती दाखला. तो जोडल्याशिवाय लेखा विभाग बिलाला हात लावत नाही. अभियंता साहेब म्हणाले, "कॅमेरे बंद आहेत, दाखला कसा देऊ?" बंद होते हे खरंच. पण पाइपलाइनसाठी रस्ता खोदताना केबल तुटली होती आणि तीन खांबांची वीज थकबाकीमुळे तोडलेली होती. मीटर नगरपरिषदेच्याच नावावर! मी हे तोंडी सांगायचो, ते तोंडीच म्हणायचे, "आधी चालू करून द्या, मग बघू." पदरचे पैसे घालून केबल जोडून दिली. पंधरवड्यात त्याच रस्त्याची दुसरी बाजू खोदली गेली आणि पुन्हा तेच वाक्य ऐकलं.

दर सोमवारी मी त्या बाकावर असायचो. साहेब साइटवर, साहेब मीटिंगला, साहेब रजेवर. संयुक्त पाहणीची तारीख चार वेळा ठरली आणि चारही वेळा मोडली. पाचव्या वेळी पाहणी झाली, प्रत्येक खांबापाशी उभं राहून टिपण केलं, तुटलेल्या केबलचे फोटो काढले. अहवाल समोर ठेवला तर म्हणे, "वाचून करतो सही." तो दोन पानांचा अहवाल त्यांच्या टेबलावर सात आठवडे पडून होता. माझी मुलं, म्हणजे कामावरची पोरं, पगारासाठी थांबली होती, तेव्हा त्या दोन पानांकडे बघून मला किती संताप यायचा ते शब्दांत सांगता येणार नाही.

एका मित्राने सुचवलं, दुरूनच पासवर्ड बदल, मग धावत येतील. मी ते केलं नाही. शहराच्या सुरक्षेची यंत्रणा आहे, ती ओलीस धरायची नसते.

त्याऐवजी एनव्हीआरमधला लॉग, म्हणजे यंत्राने आपोआप ठेवलेली नोंद, काढला. कोणता कॅमेरा किती वाजता बंद पडला हे त्यात मिनिटासह असतं, आणि त्या वेळा खोदकामाच्या तारखांशी जुळल्या. (एनव्हीआरचं घड्याळ बरोबर लावलेलं हवं. जुना लॉग पुसला जातो, म्हणून दर आठवड्याला पेनड्राइव्हवर घ्या.) लॉग, फोटो आणि अहवालाची प्रत जोडून मुख्याधिकाऱ्यांना पत्र दिलं. उत्तर नाही. शेवटी लहान उद्योगांच्या थकलेल्या बिलांच्या तक्रारींसाठी असलेल्या सरकारी समाधान पोर्टलवरून फॅसिलिटेशन कौन्सिलकडे, म्हणजे असे वाद सोडवणाऱ्या सरकारी परिषदेकडे, अर्ज केला.

सूक्ष्म-लघु उद्योगांसाठीच्या 2006 च्या कायद्यात सोय आहे: माल किंवा सेवा दिल्यापासून 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर दिल्याच्या दिवशीच ती स्वीकारली असं धरलं जातं. तिथून जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे द्यायचे. नाहीतर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. "कॅमेरे बंद आहेत" हे मला शंभरदा ऐकवलं गेलं, पण कागदावर एकदाही आलं नव्हतं. आणि यंत्रणा कधी दिली याचा पुरावा होती ती पासवर्डच्या पाकिटाची पोच.

कौन्सिलसमोर नगरपरिषदेच्या वकिलांनी मुद्दा काढला की हे वर्क्स कॉन्ट्रॅक्ट आहे, म्हणजे साहित्य आणि मजुरी एकत्र असलेलं बांधकामासारखं कंत्राट, आणि ते या कायद्यात बसत नाही. तसे मुंबई उच्च न्यायालयाचे निर्णय आहेत, त्यामुळे मी धास्तावलो. म्हणून सांगतो, कार्यादेशात आणि बिलात साहित्याचा पुरवठा आणि बसवणी वेगवेगळी दाखवून घ्या. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारकडे केलेली नोंद, काम घेण्याआधीचीच असू द्या, नंतर काढली तर त्यावरूनही वाद होतो. हे आधीच सांगायला हवं होतं.

सलोख्याच्या बैठकीत मी व्याज सोडलं, त्यांनी मुद्दल मान्य केलं. सोडलेलं व्याज मला आजही खुपतं, पण पोरांचे पगार आणखी लांबवणं शक्य नव्हतं. अहवालावर सही त्याच आठवड्यात झाली. मजकुरात एका अक्षराचाही बदल नव्हता.