ती गोळी कधी बंद होणार?

व्यसन सोडवायला मी देते ती गोळी कधी बंद होणार, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी अमेरिकेत, ओहायोतल्या एका लहान गावात फॅमिली डॉक्टर आहे. बीपी, शुगर, मुलांच्या लसी, आणि त्याच तपासणीच्या खोलीत हेरॉइन किंवा फेंटानिल या त्याहून कडक नशेच्या व्यसनात अडकलेली माणसं. त्यांना मी ब्युप्रेनॉर्फिन देते, ही या व्यसनावरच्या औषधाची गोळी. हे कळलं की पेशंटची आई असो की पुण्याहून फोनवर बोलणारी माझी मावशी, प्रश्न एकच येतो : "पण ही गोळी बंद कधी करणार?" त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो. एक नशा सोडवून दुसरी लावलीत का?

नाही लावली. फेंटानिल घेणाऱ्याचा दिवस जवळून बघितला की फरक कळतो. मजा केव्हाच संपलेली असते, उरतं ते फक्त त्रास टाळणं. डोस चुकला की नाक गळायला लागतं, जांभयांवर जांभया, अंगावर काटा, पोटात मुरडा, जुलाब, हाडं ठणकतात, एका जागी बसवत नाही. मग पैसे उभे करा, फोन लावा, मिळेल ते घ्या. आत किती काय मिसळलंय हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. २०२१ मध्ये या देशात एक लाखाहून जास्त माणसं ड्रग्जच्या ओव्हरडोसने गेली, त्यातली बहुतेक फेंटानिलसारख्या ओपिऑइडमुळे, म्हणजे अफूसारखं काम करणाऱ्या पदार्थांमुळे.

ब्युप्रेनॉर्फिन मेंदूत हेरॉइन-फेंटानिलच्याच जागांवर जाऊन बसतं, पण त्यांना अर्धवटच चेतवतं. एसटीत खिडकीची जागा धरलेल्या प्रवाशासारखं ते मग हलत नाही, त्यामुळे वरून कोणी हेरॉइन घेतलंच तरी त्याला बसायला जागा उरत नाही. डोस वाढवला तरी श्वास मंदावण्याचा परिणाम एका मर्यादेपुढे वाढत नाही. (दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोबत असतील तर मात्र धोका आहे, हे मी प्रत्येकाला बजावते.)

पहिली गोळी वेळ बघून द्यावी लागते. फेंटानिल शरीरात ठाण मांडून असतानाच दिली तर ते एकदम हुसकलं जातं आणि त्रास उसळतो. म्हणून पेशंटने जांभया, घाम, काटा सुरू झाल्यावर यायचं. गोळी जिभेखाली ठेवायची, गिळायची नाही, विरघळली की चूळ भरायची, नाहीतर दात खराब होतात. तासाभरात घाम थांबतो, खांदे सैल पडतात, आणि बरेचजण विचारतात, काही खायला आहे का? तिथून पुढे दिवसातून एकदा गोळी, कामावर जाणं, मुलांना शाळेत सोडणं. त्या गोळीने कोणी झिंगत नाही.

आता "कधी बंद". स्टॉकहोममधला एक अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. हेरॉइनचं व्यसन असलेली ४० माणसं, सगळ्यांना सारखंच समुपदेशन. २० जणांना वर्षभर ब्युप्रेनॉर्फिन, उरलेल्या २० जणांना सहा दिवसांत ते कमी करत बंद आणि मग नुसती खोटी गोळी. वर्षअखेरीस पहिल्या गटातले तीन चतुर्थांश जण उपचारात टिकून होते. दुसऱ्या गटात एकही नाही, आणि त्यातले चौघे मेले होते. बंद करण्याची घाई सुचवणाऱ्या प्रत्येकाला मी हे चौघे सांगते. गोळी सुटली की शरीराची सहन करण्याची ताकद उतरलेली असते, आणि माणूस परत वळला तर जुन्याच मापाने घेतो.

हे औषध फॅमिली डॉक्टरकडेच मिळायला हवं, असं माझं ठाम मत आहे. फ्रान्सने १९९५ पासून ते साध्या डॉक्टरांच्या हाती दिलं. १९९९ पर्यंत तिथले ओव्हरडोसचे मृत्यू ७९ टक्क्यांनी घटले. श्रेय एकट्या या गोळीचं नाही, मेथाडोन हे याच व्यसनावरचं दुसरं औषध आणि स्वच्छ सुया यांची सोयही त्याच काळात वाढली. अमेरिकेत या आजारासाठी औषधाला मान्यता २००२ मध्ये मिळाली, पण डॉक्टरला आठ तासांचं प्रशिक्षण, वेगळा परवाना, आणि सुरुवातीला एका वेळी ३० पेशंटची मर्यादा. ज्या ऑक्सिकोडोन या वेदनाशामक गोळीने कितीतरी जण या वाटेला लागले ते लिहून द्यायला असा परवाना कधीच लागला नाही. याचा मला अजून संताप येतो. परवान्याची अट डिसेंबर २०२२ मध्ये गेली.

माझ्याकडे येणाऱ्याला बाकीचेही उपचार मिळतात. सुयांमधून लागलेला हेपटायटिस सी हा यकृताचा आजार दोन-तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. गरोदर बाईला औषध थांबवावं लागत नाही, उलट ते चालू ठेवणंच बाळासाठी सुरक्षित असतं. वेटिंग रूममध्ये कोण कशासाठी बसलंय हे शेजाऱ्याला कळत नाही, आणि लहान गावात ही फार मोठी सोय आहे.

तर पेशंटच्या आईला मी सांगते, तारीख ठरवायची नाही. त्याला स्वतःला बंद करावंसं वाटलं, नोकरी-घर बसलेलं असलं, तर महिनोन्महिने थोडं थोडं कमी करू. ओढ परत जाणवली तर त्याच दिवशी वाढवू, कोणी रागावणार नाही. काहीजण वर्षानुवर्षं घेतात, तेही चालतं. आणि घरात ओव्हरडोस उतरवणाऱ्या नालोक्सोनचा नाकात मारायचा स्प्रे ठेवा, इथे २०२३ पासून तो डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळतो.